टोबीकाकांचा किल्ला आणि वर्षाचा संकल्प

छंद हा मनाच्या ओढीनें चालतो आणि संकल्प हा मनाला ओढीत नेतो. तेव्हां हे दोघे एका घरांत सुखानें नांदतील कीं नाहीं, अशी शंका येणें स्वाभाविक आहे. ही शंका घेण्याचें निमित्त असें कीं, युरोप-अमेरिकेंत चिमुकल्या शिपायांच्या पलटणी स्वहस्तें रंगवून टेबलावर त्यांच्या लढाया खेळणाऱ्या प्रौढ गृहस्थांचा जो वर्ग आहे, त्यांत दर जानेवारीस वर्षाचीं उद्दिष्टें लिहून काढण्याची चाल चांगलीच रुजली आहे. यंदा इतके शिपाई रंगवीन, अर्धवट पडलेली अमुक पलटण पुरी करीन, रंगवून होतील त्याहून अधिक विकत घेणार नाहीं, महिन्यास निदान एक लढाई खेळेन, अशीं कलमें या यादींत असतात. आणि डिसेंबर सरला म्हणजे किती साधलें व किती राहिलें याचा जमाखर्च मांडला जातो. पन्नाशी उलटलेला वकील वा डॉक्टर दिवाणखान्यांत शिशाचे घोडे रंगवीत बसतो व वर्षअखेर त्याचा अहवाल लिहितो, हें ऐकून आमच्या वाचकांस हंसूं येईल. तें खुशाल येऊं द्यावें. परंतु वर्षास पन्नास पुस्तकें वाचण्याचा निश्चय करणारा वाचक, रोज अमुक हजार पावलें चालण्याचा नेम धरणारा पेन्शनर आणि हा शिशाच्या घोड्यांचा सेनापति, हे तिघेही एकाच प्रश्नापुढें उभे आहेत. फुरसतीच्या वेळाला उद्दिष्टाची शिस्त लावली तर ती फुरसत राहते काय? आणि न लावली तर त्या वेळाचें कांहीं चीज होतें काय?

या प्रश्नाची चर्चा करण्यास इंग्रजी वाङ्मयांतील दोन ग्रंथ आम्हांस फार उपयोगी वाटतात. पहिला लॉरेन्स स्टर्न याची ‘ट्रिस्ट्रॅम शँडी’ ही कादंबरी. ती १७५९ ते १७६७ या अवधींत नऊ भागांनीं प्रसिद्ध झाली. दुसरा एच्. जी. वेल्स याचा ‘लिट्ल् वॉर्स’ हा छोटेखानी ग्रंथ. हा १९१३ चा. दोहोंचा संबंध आम्ही ओढूनताणून जोडीत नाहीं. वेल्सनें आपल्या खेळाची वंशावळ सांगतांना स्टर्नच्या टोबीकाकांना पूर्वजाचा मान दिला आहे, आणि स्टर्ननें त्या खेळावरील पडदा जरासा बाजूस सारून वाचकाची नुसती हुरहूर वाढविली, अशी गोड तक्रारही केली आहे. तेव्हां हीं दोन पुस्तकें शेजारीं ठेवून वाचणें कोणावरही अन्यायाचें होणार नाहीं.

प्रथम या खेळाविषयीं थोडें सांगणें अवश्य आहे. हत्ती, घोडा, रथ व पायदळ यांचा चतुरंग भारतवर्षानेंच जगास दिला. परंतु त्यांत युद्धाचें केवळ सूत्र राहिलें, चित्र राहिलें नाहीं. प्रत्यक्ष भूमीचा नकाशा, अंतराचें माप व पंचाचा निर्णय यांवर चालणारा युद्धखेळ प्रशियाच्या सैन्यांतील फॉन राइस्विट्झ या तरुण अधिकाऱ्यानें १८२४ त सिद्ध केला. तो पाहून जनरल म्युफ्लिंग यानें हा खेळ नसून युद्धाचें शिक्षण आहे असा अभिप्राय दिला व तो सैन्यांत चालूं केला. पुढें १८९३ त लंडनच्या ब्रिटन कंपनीनें शिशाचे पोकळ शिपाई ओतण्याची युक्ति काढली, तेव्हां हे शिपाई स्वस्त झाले व मध्यम स्थितींतील घरांत शिरले. डोनल्ड फेदरस्टोन याच्या १९६२ सालच्या ‘वॉर गेम्स’ या पुस्तकानंतर प्रौढांचा छंद म्हणून या खेळाचा विशेष प्रसार झाला. आज शिशाची जागा पुष्कळ अंशीं प्लॅस्टिकनें घेतली आहे. इंचाभर उंचीचा हा शिपाई विकत मिळतो तो बहुधा बिनरंगी. त्याचे अवयव जुळविणें, त्यास अस्तर देणें, डगल्याचा रंग, पट्ट्याचा रंग, बटणांचा रंग हें सारें मालकानें करावयाचें. विकत घेणें हें क्षणाचें काम व रंगविणें हें अनेक रात्रींचें. साहजिकच प्रत्येक घरांत न रंगविलेल्या शिपायांची रास वाढत जाते. या रासेस ते लोक थट्टेनें शिशाचा डोंगर म्हणतात. वर्षाचे संकल्प उगवतात ते या डोंगराच्या पायथ्याशीं.

आतां टोबीकाकांकडे वळूं. कॅप्टन टोबी शँडी हा १६९५ च्या नामूरच्या वेढ्यांत जायबंदी होऊन घरीं परतलेला सज्जन शिपाई. भेटीस येणारा प्रत्येकजण त्यास विचारी कीं, जखम नेमकी कोठें झाली? तो सांगूं लागला म्हणजे खंदक, तट, तटाबाहेरचा उतार यांच्या परिभाषेंत असा गुंतून जाई कीं ऐकणाराही गोंधळे व सांगणाराही. या गोंधळाच्या त्रासानें जखम चिघळूं लागली. मग त्यानें नामूरचा मोठा नकाशा मागविला. नकाशानें वाट मोकळी झाली. परंतु नकाशा समजावा म्हणून तटबंदीचे ग्रंथ आले, तोफेचा गोळा कसा जातो हें कळावें म्हणून टार्टाग्लिया, गॅलिलिओ व टॉरिचेली आले, आणि टेबल अपुरें पडूं लागलें. तेव्हां त्याचा विश्वासू सेवक कॉर्पोरल ट्रिम यानें सुचविलें कीं, खेड्यावरच्या आपल्या घरामागें चेंडू खेळण्याचें हिरवळीचें मैदान आहे, तेथें खरेच तट उभारावे. टोबीकाकांच्या मुद्रेवर आनंद उसळला, आणि इंग्रजी वाङ्मयांतील सर्वांत प्रसिद्ध छंद जन्मास आला.

या छंदाची वार्षिक घडी स्टर्ननें मोठ्या बारकाईनें दाखविली आहे. युरोपांत स्पेनच्या वारसाचें युद्ध पेटलें होतें. मार्लबरो ज्या शहरास वेढा घाली, त्या शहराचा आराखडा हे दोघे मैदानावर उतरीत. आणि गॅझेटांत जशी बातमी येई तसे आपले मोर्चे पुढें सरकवीत. म्हणजे वर्षाचें उद्दिष्ट त्यांस शोधावें लागत नसे. तें टपालानें येई. त्याबरोबर साहित्यही दरवर्षी वाढत जाई. पहिल्या उन्हाळ्यांत नुसते खंदक. पुढें उघडझांप होणारे पूल व वेशी. एका नाताळांत नवा पोशाख शिवण्याऐवजीं टोबीकाकांनीं पहारेकऱ्याची सुंदर चौकी करविली. मग लहानलहान घरांचें एक गांव, जें लँडनपासून ओस्टेंडपर्यंत पाहिजे त्या शहराचें सोंग घेई. मग शहरास देऊळ हवें म्हणून मनोऱ्यासह चर्च. आणि अखेर पितळी तोफा. आजच्या छंदी गृहस्थाच्या वार्षिक यादीशीं ही यादी ताडून पाहावी. तिच्यांत एकही कलम परकें वाटणार नाहीं.

टीकाकारांनीं या प्रकरणास बहुधा निरुपद्रवी वेडाचें हास्यचित्र मानलें आहे. आमचें मत थोडें निराळें आहे. स्टर्न या हास्याच्या आड एक कठोर गोष्ट सांगत आहे, आणि ती उद्दिष्टाविषयींच आहे. टोबीकाकांचें मूळ उद्दिष्ट काय होतें? आपली जखम कोठें झाली हें दुसऱ्यास स्पष्ट सांगतां यावें, एवढेंच. त्यासाठीं नकाशा, नकाशासाठीं शास्त्र, शास्त्रासाठीं मैदान, मैदानासाठीं तोफा, अशी साधनांची साखळी लांबत गेली आणि मूळ साध्य कोठेंतरी हरवलें. शेवटच्या भागांत शेजारची विधवा मिसेस् वॉडमन टोबीकाकांशीं विवाह करण्याच्या इच्छेनें संकोचत विचारते कीं, जखम कोठें झाली? तिच्या मनांतील चिंता उघड आहे. टोबीकाका अत्यंत सौजन्यानें सांगतात कीं, तुम्हांस त्या जागेवर बोट ठेवतां येईल. आणि नामूरचा नकाशा आणवितात! इतक्या वर्षांच्या परिश्रमाचें हें फळ. सेंट निकोलसच्या वेशीपासूनचें अंतर त्यांस आतां हातभरही न चुकतां दाखवितां येतें. जें साधावयाचें होतें तें पूर्णपणें साधलें आहे. मात्र विचारणारीचा प्रश्न त्यांच्या कानांत शिरलेलाच नाहीं. उद्दिष्ट तडीस नेण्याच्या नादांत उद्दिष्टाचें कारणच विसरणें, याचें याहून मार्मिक चित्र आमच्या वाचनांत नाहीं.

छंदाची किंमत दुसऱ्यासही द्यावी लागते, हेंही स्टर्ननें लपविलें नाहीं. तोफा ओतावयास धातु हवी. ट्रिमनें प्रथम मालकाच्या घराच्या पन्हळींचें शिसें कापलें, मग दाढीचें भांडें वितळविलें, पूर्वजाचे उंच बूट कापून त्यांच्या उखळी तोफा केल्या. एवढ्यानेंही भागेना, तेव्हां त्यानें मुलांच्या खोलींतील वरखालीं सरकणाऱ्या खिडकीचीं शिशाचीं वजनें काढून घेतलीं. वजनें गेल्यावर खिडकी तोलून धरणारें कांहीं उरलें नाहीं. ती धाडकन् खालीं आली आणि पांच वर्षांच्या लहानग्या ट्रिस्ट्रॅमला इजा झाली. ट्रिम सारा दोष स्वतःकडे घेतो आणि टोबीकाका म्हणतात कीं दोष माझा, त्यानें हुकूम पाळला. हा प्रसंग वाचतांना आपण हंसतों खरे. परंतु ज्या घरांत कोणा एकाचा छंद आहे त्या घरांतील गृहिणीस हा प्रसंग समजावून सांगावा लागणार नाहीं. प्रत्येक छंदाच्या तोफा कोणत्या तरी खिडकीच्या शिशाच्या असतात: मुलांस द्यावयाचा वेळ, वाणसामानाचा पैसा, आजारी माणसाजवळ बसण्याची घटका. यादी करणाऱ्याच्या वहींत रंगविलेल्या शिपायांची संख्या असते. वजनें काढलेल्या खिडक्यांची नसते.

परंतु स्टर्न येथेंच थांबता तर तो केवळ चतुर उपहासकार ठरता. त्यानें याच टोबीकाकांच्या हातून ल फीव्हरची कथा घडविली आहे. मित्रसैन्यानें डेंडरमंडला वेढा घातला आहे, टोबीकाकांचा वेढाही त्याच जोमानें चालला आहे, तटाबाहेरील उतारावर ठाणें बसलें आहे. इतक्यांत गांवांतील खानावळींत एक अनोळखी गरीब लेफ्टनंट मरणोन्मुख पडल्याची बातमी येते. टोबीकाका बागेचें दार लावून घेतात, डेंडरमंड तसेंच सोडतात आणि त्या माणसाच्या उशाशीं जातात. तो मरण पावतो. त्याच्या अनाथ मुलाचें पालकत्व ते पत्करतात. वर्षाचें उद्दिष्ट हातातोंडाशीं आलें असतां तें क्षणार्धांत टाकून देणें ज्यास जमतें, त्याच्या छंदास आम्ही वेड म्हणणार नाहीं. खिडकी आणि डेंडरमंड हे दोन प्रसंग एकाच कांट्याच्या दोन पारड्यांत ठेवल्यावांचून टोबीकाकांचें मोल ठरवितां येत नाहीं.

पुढें १७१३ त युट्रेक्टचा तह झाला आणि गॅझेटांतील वेढे थांबले. टोबीकाका उदास झाले. तहाच्या अटीप्रमाणें डंकर्कची तटबंदी पाडावयाची होती. आपलें मैदानावरील डंकर्क पाडण्यांत त्यांनीं कांहीं काळ मन रमविलें, पण तें किती पुरणार? बाहेरून येणाऱ्या उद्दिष्टावर जगणाऱ्या छंदाचें हें दुबळें अंग आहे. याच वर्षीं, याच तहाच्या छायेंत, स्वतः स्टर्नचा जन्म झाला. त्याचा बाप सैन्यांत कनिष्ठ अधिकारी होता, आणि तह झाल्यामुळें त्याची पलटण मोडून त्याची नोकरी गेली. म्हणजे शांततेनें शिपायाचें घर कसें ओस पडतें हें स्टर्नला पुस्तकांतून शिकावें लागलें नाहीं. टोबीकाकांच्या दुःखांत जो ओलावा आहे त्याचा झरा येथें असावा असें आम्हांस वाटतें.

वेल्सचा खेळ याहून अगदीं वेगळ्या प्रकृतीचा आहे. लांकडाचा लहानसा तुकडा फेकणारी स्प्रिंगची खेळण्यांतील तोफ, ब्रिटनचे शिपाई, घरातील जमीन, पुस्तकें व ठोकळे यांचे डोंगर व घरें, इतकेंच त्याचें साहित्य. त्याची खरी कामगिरी नियमांत आहे. हे नियम खेळतां खेळतां कसे वाढले, अवजड झाले, आणि मग छाटून सुटसुटीत केले गेले, याची हकीकत तो प्रयोगशाळेंतील शास्त्रज्ञाच्या उत्साहानें सांगतो. पायदळानें एका डावांत एक फूट जावें, घोडदळानें दोन. तोफ चालविण्यास तिच्याजवळ चार माणसें हवींत. आणि प्रत्येक चाल घड्याळाच्या कांट्यावर संपली पाहिजे. वेल्सजवळ वर्षाचें उद्दिष्टच नाहीं. त्याचें उद्दिष्ट एका दुपारपुरतें आहे: खेळ रंगावा, वादावादी न होतां संपावा, आणि शिपाई पेटींत परत जावे. साठा वाढविण्याची हांव त्याच्या पुस्तकांत जवळजवळ नाहींच. या दृष्टीनें आजच्या छंदी वर्गानें आपल्या आद्य गुरूपासून एक महत्त्वाचा धडा घेतलेला नाहीं, असें खेदानें म्हणावें लागतें.

तथापि वेल्सच्या पुस्तकाचा शेवट मात्र आम्हांस दुटप्पी वाटतो. अखेरच्या प्रकरणांत तो सांगतो कीं, खऱ्या युद्धापेक्षां हें चिमुकलें युद्ध शतपट बरें. यांत कोणाचा जीव जात नाहीं. ज्या मुत्सद्द्यांस व सेनापतींस युद्धाची खुमखुमी आहे त्यांस एका खोलींत हे शिपाई देऊन कोंडावें. युद्ध ही किती ढिसाळ व चुकांनीं भरलेली गोष्ट आहे हें खेळून पाहिल्यासच कळतें, असेंही तो बजावतो. हा विचार उमदा आहे. परंतु याच पुस्तकास त्यानें एक परिशिष्ट जोडलें असून त्यांत आपला खेळ लष्करी अधिकाऱ्यांच्या शिक्षणास कसा उपयोगी करतां येईल याचा विचार केला आहे! एका हातानें सेनापतींस खेळण्यांत कोंडावें आणि दुसऱ्या हातानें तेंच खेळणें त्यांस शस्त्र म्हणून द्यावें, यांतील विसंगति वेल्सच्या ध्यानांत आलेली दिसत नाहीं. प्रशियाच्या उदाहरणावरून ती यावयास हरकत नव्हती. पुस्तक निघून वर्ष झालें न झालें तोंच १९१४ चें महायुद्ध भडकलें, आणि त्याच वेल्सनें त्याच वर्षीं ‘युद्धाचा अंत करणारें युद्ध’ अशा अर्थाचें नांव देऊन त्या युद्धाचें समर्थन करणारें पुस्तक लिहिलें. खेळ माणसास युद्धापासून परावृत्त करतो ही त्याची आशा प्रथम त्याच्याच बाबतींत फोल ठरली. टोबीकाकाही तहानंतर युद्धाच्या समर्थनार्थ एक भाषण करतात; पण स्टर्न त्या भाषणास प्रवक्त्याच्या भोळ्या करुणेशेजारीं ठेवून वाचकास विचार करावयास लावतो. वेल्स उपदेश करतो, स्टर्न माणूस दाखवितो. दोन ग्रंथांतील वाङ्मयीन अंतर तें हेंच.

आतां मूळ प्रश्न. वर्षाचे संकल्प छंदास मारक कीं तारक? संकल्प करणाऱ्यांची बाजू प्रथम ऐकली पाहिजे. दिवसभर नोकरी करून रात्रीं तासभर मोकळा मिळणाऱ्या माणसानें कांहींच न ठरविलें तर तो तास जांभया देण्यांत जातो, आणि डोंगर तेवढा वाढतो. रंगवीन त्याहून अधिक विकत घेणार नाहीं, हा निश्चय तर आम्हांस पूर्णपणें मान्य आहे. कारण त्यांत संयम आहे, आणि बाजार ज्या वेगानें नवा मोह पुढें करतो त्यास तोच एक उतारा आहे. आमचा आक्षेप आहे तो संख्येच्या राज्यास. पांचशें शिपाई रंगवीन म्हणणारा मनुष्य ऑक्टोबरांत तीनशेंवर असला म्हणजे त्याचा कुंचला पळूं लागतो. चेहरे, डगले, घोडे एकाच रंगाच्या फराट्यानें उरकतात. आणि ज्या आनंदासाठीं हा उद्योग आरंभिला तोच वेठीस धरला जातो. याउलट, या वर्षीं एक लहानशी फौज पुरी करून मित्रासह सहा लढाया खेळेन, हाही संकल्पच आहे. पण त्याचें टोंक खेळाकडे आहे, साठ्याकडे नाहीं.

आपल्याकडील व्रतकल्पना येथें उपयोगी पडेल. व्रतास संकल्प असतो तसें उद्यापनही असतें. ठरलेल्या काळानें तें विधिपूर्वक संपतें, चार माणसें जेवतात, आणि व्रती मोकळा होतो. जानेवारींत मांडलेल्या आधुनिक यादीस उद्यापन नाहीं; उरलेलें कलम पुढील वर्षाच्या खात्यावर ओढलें जातें व मनुष्य आपल्याच छंदाचा ऋणको होतो. महाराष्ट्रांतील मुलें दिवाळींत किल्ला करतात, तो पाहावा. दगड, विटा, माती, त्यांवर भिजविलेलें गोणपाट, तटावर उगवलेले अळिवाचे हिरवे कोंभ, शिखरावर सिंहासनीं महाराज आणि उतारावर मातीचे मावळे. हाही चिमुकल्या शिपायांचा खेळ आहे आणि हाही वार्षिक आहे. परंतु त्याचें वर्ष ऋतूचें आहे, हिशेबाचें नाहीं. दिवाळी सरली कीं किल्ला मोडतो, मावळे डब्यांत जातात, आणि कोणतेंही मूल गेल्या वर्षाची बाकी पुढें ओढीत नाहीं. येत्या दिवाळींत पुन्हां नवा किल्ला, नवा हुरूप.

तेव्हां वर्षाचा संकल्प करणाऱ्यानें तो जरूर करावा. मात्र त्यास तीन प्रश्न विचारावे. हें सारें मीं प्रथम कशासाठीं आरंभिलें होतें? यासाठीं लागणारें शिसें मी कोणत्या खिडकीचें काढीत आहें? आणि बागेबाहेर कोणी ल फीव्हर आजारी पडला, तर दार लावून घेऊन डेंडरमंड सोडण्याची माझी तयारी आहे काय? पहिल्या दोन प्रश्नांत टोबीकाका नापास झाले. तिसऱ्यांत ते असे उत्तीर्ण झाले कीं, अडीचशेंहून अधिक वर्षें लोटलीं तरी वाचक त्यांच्या किल्ल्याचा तपशील विसरतो आणि त्यांना विसरत नाहीं.